सांग रे, की सां ग रे?

फणसाच्या दिवसांत गोव्यातल्या कुठल्याही घरात ऐकू येईल असे एक वाक्य घ्या: 'मग सारे गरे खा.' तुम्हाआम्हाला यात फणस दिसतो. संगणकाला मात्र 'स्वर शोध' असे सांगून ठेवले असेल, तर त्याला यात मध्यम, गांधार, षड्ज, ऋषभ, पुन्हा गांधार, पुन्हा ऋषभ असे सहा स्वर दिसतील. शब्द म्हणून उरेल तो एकटा 'खा'. ही गंमत मला सिकंदराबादेत कळली, आणि कळली तेव्हा ती मुळीच गंमत नव्हती. त्या गोष्टीच्या निमित्ताने, गाण्याचे स्वर आणि गाण्याचे शब्द एकाच कागदावर लिहिण्याचा जो खटाटोप माणूस हजार-दीड हजार वर्षे करीत आला आहे, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

आमचे मामा वास्कोचे. रेल्वेत लागले आणि 1971 साली बदली होऊन सिकंदराबादला गेले. गोव्याचा माणूस सिकंदराबादला कसा, असे आजच्या मुलांना वाटेल. पण 2 ऑक्टोबर 1966 रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा तिचे मुख्यालय सिकंदराबादला आले आणि हुबळी विभाग तिच्याकडे गेला. मुरगावहून कॅसलरॉकला चढणारा आपला रेल्वेमार्ग या हुबळी विभागात. 2003 साली दक्षिण पश्चिम रेल्वे वेगळी निघेपर्यंत गोव्याच्या रेल्वेची वरची सगळी कागदपत्रे सिकंदराबादलाच जात. त्या कागदांच्या मागोमाग काही माणसेही गेली, त्यांतले एक मामा.

सिकंदराबाद हे मुळात छावणीचे गाव. 1798 च्या तहानंतर कंपनीची फौज हुसेनसागराच्या उत्तरेला येऊन राहिली आणि 1806 साली निजाम सिकंदर जाह याच्या नावावरून वस्तीला हे नाव पडले. छावणीबरोबर पलटणीचे बँड आले, चर्चे आली, पुढे रेल्वेबरोबर लालागुडा, मेट्टुगुडा इथल्या वसाहती आल्या. मामांचे क्वार्टर मेट्टुगुड्याला. एका बाजूला अँग्लो-इंडियन कुटुंब, त्यांच्या घरी गिटार. दुसऱ्या बाजूला तेलुगू कुटुंब, तिथल्या बाई मुलींना कर्नाटक संगीत शिकवीत. मधल्या घरात मामांची पेटी आणि शनिवारचे भजन. दरवर्षी श्रावणात दामोदर सप्ताहासाठी रजा टाकून वास्कोला यायचे, इथल्या बुवांकडून चार नवी पदे उतरवून घ्यायची आणि परत जायचे, हा मामांचा नेम. त्यातून एक जाड वही तयार झाली. वर स्वर, खाली शब्द, त्याखाली तालाच्या खुणा.

मामेभाऊ शेजारच्या घरात गिटार शिकला. त्याचीही एक वही होती. तिच्यात इंग्रजी गाणी. वरच्या ओळीत कॉर्डची अक्षरे, खालच्या ओळीत शब्द. बाप भातखंड्यांच्या लिपीत लिही, मुलगा गिटारच्या लिपीत, पण दोन्ही वह्यांची मांडणी सारखीच होती. वरच्या ओळीतले अक्षर खालच्या ओळीतल्या नेमक्या कुठल्या अक्षरावर बसते, यावर सगळे अवलंबून.

ही मांडणी जुनी आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टैजवळ कुडुमियान्मलै येथे डोंगराच्या खडकावर सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा एक शिलालेख आहे. त्यात राजाची वंशावळ नाही की दानपत्र नाही, नुसते स्वर आहेत. ओळीच्या ओळी. एकच स्वर सा, सि, सु, से अशा वेगवेगळ्या मात्रा लावून कोरलेला. गाण्याचे शब्द मात्र नाहीत. शब्दांसकट स्वर हवे असतील तर आपल्याच मुलखात, देवगिरीला यावे लागते. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात जातिगायनाची उदाहरणे देताना स्वर आणि त्यांच्याखाली पदांची अक्षरे अशी मांडणी आहे. हा शार्ङ्गदेव पोटापाण्यासाठी काय करीत होता? तो राजाच्या हिशेब-दप्तराचा प्रमुख होता. म्हणजे आमच्याच जातकुळीतला, फक्त पगार बरा. जमाखर्चाचे रकाने आखणाऱ्या माणसाला स्वर आणि शब्द रकान्यात बसवावेसे वाटले यात मला तरी नवल वाटत नाही. ते देवगिरी म्हणजे दौलताबाद पुढे निजामाच्या राज्यात गेले आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. तेव्हा सिकंदराबादशी नाते लावायचे तर असेही लागते.

तिकडे युरोपात अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटालियन धर्मगुरूने उलटाच मार्ग काढला. संत जॉनच्या एका लॅटिन स्तोत्राचा प्रत्येक चरण मागच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होत असे. ग्विदोने त्या चरणांची पहिली अक्षरे घेतली आणि त्यांनाच स्वरांची नावे दिली: उत्, रे, मी, फा, सोल, ला. पुढे 'उत्'चा 'दो' झाला. म्हणजे तिथे गाण्याचे शब्दच स्वर होऊन बसले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे दो-रे-मी घोकले, म्हणून तर कागदावरचे संगीत वाचणारी माणसे गोव्यातून मुंबईला गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदासाठी पानेच्या पाने लिहिली. संगीतकार चाल गुणगुणणार आणि गोंयकार ती कागदावर उतरवून प्रत्येक वादकापुढे ठेवणार, असा तो काळ.

आपल्याकडे छापील स्वरलिपीचा जम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसू लागला. बडोद्याला मौलाबक्षांनी स्वतःची पद्धत काढली. विष्णू दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले आणि त्यांची लिपी विद्यालयाबरोबर पसरली. पण घरोघरी पोचली ती विष्णू नारायण भातखंड्यांची. भातखंडे (1860-1936) पेशाने वकील. गावोगाव हिंडून, उस्तादांची मनधरणी करून त्यांनी शेकडो चिजा गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत छापल्या. हैदराबादला राहणारे अप्पा तुळशी हे संस्कृतात रागलक्षणे श्लोकबद्ध करणारे पंडित. त्यांच्या श्लोकांचा आधार भातखंड्यांनी घेतला. श्लोक पाठ करायला सोपा, पण श्लोकात चाल सापडत नाही. चाल धरायची तर लिपी हवी, आणि तीही साध्या छापखान्यात जुळवता येईल अशी हवी.

ती त्यांनी केली. कोमल स्वराला खाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. स्वर लांबला तर त्याच्यापुढे आडवी खूण, शब्दाचे अक्षर लांबले तर अवग्रह. समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. इतक्या थोड्या खुणांत त्यांनी एवढा मोठा पसारा मांडला. दोष काढणाऱ्यांनी काढले; मींड, श्रुती, गळ्याची फिरत कागदावर येत नाही हे खरेच. पण मेट्टुगुड्याच्या क्वार्टरात बसून एका रेल्वे कारकुनाला वास्कोचे पद परत गाता येत होते, ते या खुणांमुळे.

मामा 2003 साली निवृत्त झाले. मुलाने संगणक घेऊन दिला आणि त्यांनी ती वही टंकायला घेतली. छापखान्यातला खिळा जे करू शकत होता ते कळफलकाला जमेना. मग मामांनी पळवाटा काढल्या. तार सप्तकाचे टिंब म्हणून सरळ अनुस्वार: सां, रें, गं. कोमलाची आडवी आणि तीव्राची उभी रेघ ही वेदपाठाच्या खुणांमधून उचलली. युनिकोडच्या तक्त्यात त्या 'अनुदात्त' आणि 'उदात्त' या नावांनी आहेत, आणि त्यातली उभी रेघ ऋग्वेदाच्या पोथ्यांत मुळात स्वरित दाखवते. अशा रीतीने 112 रचना टंकून झाल्या. मूळ वही त्यांनी वास्कोच्या घरी कपाटात आणून ठेवली. 2016 साली मामा गेले. पुढच्या पावसाळ्यानंतर कपाट उघडले तर वाळवीने वहीची माती केलेली. उरल्या त्या फक्त टंकलेल्या फायली.

मामेभावाच्या मनात आले की यातून पुस्तक करावे, स्वरांच्या ओळी वेगळ्या, शब्दांच्या वेगळ्या, म्हणजे ज्याला नुसती पदे हवीत त्याला पदे मिळतील. हाताने करायला महिने गेले असते. त्याने 'रेग्युलर एक्स्प्रेशन' नावाचे हत्यार काढले. त्याविषयी दोन शब्द सांगतो. मी कलाशाखेचा पदवीधर, पण ऑफिसातल्या याद्यांमध्ये शोधा-आणि-बदला करून करून मलाही ते थोडे कळू लागले आहे.

ठराविक शब्द शोधण्याऐवजी शब्दाचा नमुना सांगायचा, ही यातली कल्पना. 'आधी हे किंवा ते, मग अमुक कितीही वेळा, मग तमुक असले तर असो.' स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने 1951 साली मेंदूतल्या पेशींच्या गणिती प्रतिरूपाचा विचार करताना ही भाषा तयार केली, ती 1956 साली छापून आली. 1968 साली केन थॉम्पसनने ती मजकूर शोधण्याच्या कामी कशी लावायची हे दाखवले. पुढे 1973 च्या सुमारास युनिक्सवर 'ग्रेप' नावाची आज्ञा आली. तिचे नाव जुन्या संपादकातल्या एका आज्ञेवरून पडले: 'ग' म्हणजे सगळीकडे, 'रे' म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, 'प' म्हणजे छापून दाखव. ग, रे, प. गांधार, ऋषभ, पंचम! ज्यांनी हे नाव ठेवले त्यांच्या स्वप्नातही नसेल, पण मला ते वाचून हसू आवरले नाही.

मामेभावाने पहिला नमुना केला तो असा: चौकटी कंसात सगळे स्वर, [सारेगमपधनीं], आणि यांतलीच अक्षरे असलेला प्रत्येक शब्द स्वर समजून शब्दांतून काढून टाक. कार्यक्रम चालला, 112 पदांची सुबक फाईल निघाली. त्याने ती छापून मामींना दिली. मामी चष्मा लावून वाचू लागल्या. वाचू लागल्या म्हणजे गाऊ लागल्या. त्यांना ही पदे डोळ्यांनी नव्हे, कानांनी पाठ. तिसऱ्या पदावर थांबल्या. म्हणाल्या, "बाबा, हांगा कितें तरी उणें आसा. इथे त्यांचे 'सांग रे' कुठे गेले?"

गेले होते खरेच. 'सां', 'ग', 'रे' हे तिन्ही स्वर म्हणून संगणकाने उचलले होते. आणखी शोधले तर कुठे 'मध' नाहीसा, कुठे 'धनी', कुठे 'सारे'. आणि एका पदातून 'समाधान' पुसले गेले होते. त्यात 'सा' आहे ना 'रे', मग ते का गेले?

इथे देवनागरीचा स्वभाव आडवा आला. आपल्याला 'सा' हे एक अक्षर वाटते. संगणकाच्या लेखी ते दोन आहेत, आधी 'स' आणि मग काना. 'रे' म्हणजे 'र' आणि मात्रा. चौकटी कंस एकेक तुकडा मोजतो. त्यामुळे त्या कंसाचा खरा अर्थ होतो 'स, काना, र, मात्रा, ग, म, प, ध, न, वेलांटी, अनुस्वार यांपैकी काहीही, कुठल्याही क्रमाने'. 'समाधान' या तुकड्यांत तंतोतंत बसतो. 'रामनामाने'सुद्धा बसतो. भजनाच्या वहीतून रामनाम पुसणारा कार्यक्रम! नमुना लिहायचा तर (सा|रे|ग|म|प|ध|नी) असा, पूर्ण अक्षरांचा, 'हे किंवा ते' म्हणून लिहायला हवा. त्यातही शब्दाची हद्द ओळखण्याची जी तयार खूण असते ती पुष्कळ ठिकाणी देवनागरीची मात्रा अक्षर मानीतच नाही आणि शब्द मध्येच तोडते. तेव्हा हद्द म्हणून मोकळी जागा आणि दंड हेच धरावे लागतात.

मामेभावाला याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. तो म्हणाला, गिटारच्या वहीतही हेच दुखणे. कॉर्डची नावे इंग्रजी 'ए'पासून 'जी'पर्यंत. पण 'ए' हे इंग्रजीतले उपपदही आहे, आणि 'ए मायनर'चे लघुरूप लिहिले की ते 'मी आहे' मधल्या 'आहे'सारखे दिसते. म्हणूनच तिकडच्या लोकांनी 1990 च्या दशकात एक युक्ती रूढ केली: कॉर्ड वरच्या ओळीत न लिहिता शब्दांच्या मध्येच, चौकटी कंसात घालायचा. कंसातला तो कॉर्ड, बाहेरचा तो शब्द. वाद संपला. मामांनी असे काही केले नव्हते; त्यांचा वाचक माणूस होता.

दैव बरे की फायलींची एक मूळ प्रत शिल्लक होती. त्या दिवाळीत मी सिकंदराबादला गेलो आणि दोघे मिळून बसलो. मला कारकुनी डोक्याने एक सुचले. खतावणीत एखादा आकडा जमेचा की खर्चाचा हे आकडा पाहून कळत नाही, रकाना पाहून कळते. 'सांग रे' हे स्वर की शब्द हे त्या अक्षरांत शोधूच नये, ओळीत शोधावे. तीनताल असेल तर ओळीत सोळा मात्रा, चार-चारांचे चार खंड, मध्ये दंड. ज्या ओळीत सोळाच्या सोळा घरांत स्वर किंवा आडवी खूण आहे ती स्वरांची. जिच्यात निदान एका घरात स्वर नसलेले अक्षर किंवा अवग्रह आहे ती शब्दांची. आणि दोन ओळी लागोपाठ, घरे सारखी, तरच ती जोडी खरी. सोळापर्यंत मोजणे हे या हत्याराला सहज जमते, तशी सोय त्यात आहे. दुसरा नियम आम्ही असा केला की शंका आली तर पुसायचे नाही, नुसती खूण करायची.

या वेळी गेलेले सगळे शब्द परत आले. मामींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन पाहिले. खुणा राहिल्या फक्त नऊ. त्यांतल्या आठ ठिकाणी मामांची टंकण्यातली चूक होती, कुठे दंड विसरलेला, कुठे एक मात्रा कमी. नववी मात्र सुटेना. वरच्या ओळीत 'ग - रे सा', खालच्या ओळीतही त्याच घरांत 'ग - रे सा'. संगणक म्हणे दोन्ही ओळी स्वरांच्याच. आम्हाला वाटले मामांनी चुकून एकच ओळ दोनदा टंकली. खालची पुसून टाकायची ठरत होती.

तेवढ्यात शेजारच्या तेलुगू बाई फराळाला आल्या. आता सत्तरी ओलांडलेल्या. कागद त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, पुसू नका, हे स्वराक्षर आहे. कर्नाटक संगीतात हा मुद्दाम केलेला अलंकार असतो. शब्दाचे अक्षर आणि त्यावर गायचा स्वर एकच ठेवायचा, म्हणजे 'ग' हे अक्षर गांधारावर, 'रे' हे ऋषभावर. ऐकणाऱ्याला शब्दही लागतो आणि स्वरही. मग मामींना आठवले. कितीतरी वर्षांपूर्वी मामा त्यांच्या ओसरीवर बसून हे ऐकून आले होते आणि आपल्या एका भजनात तसे बसवून पाहत आठवडाभर गुणगुणत होते. घरातल्या आम्हा कुणालाच ते ठाऊक नव्हते. त्या ओळीत वरचेही खरे होते आणि खालचेही खरे होते. स्वर की शब्द, हा आमचा प्रश्नच तिथे चुकीचा होता.

आपले खाप्रूमाम पर्वतकर हाताने एक लय आणि पायाने दुसरी धरीत, असे जुने लोक सांगतात. ते कुठल्या ओळीत लिहिणार? लिहिता येते तेवढे लिहावे आणि उरते ते कुणाच्या तरी कानात असू द्यावे, एवढेच आपल्या हाती. मात्र कान फार काळ थांबत नाहीत. मामी आता ऐंशीला आल्या आहेत.

तुमच्या घरी कुणाची अशी भजनाची, आरत्यांची, नाट्यपदांची वही असेल तर या चतुर्थीला ती बाहेर काढा. आधी प्रत्येक पानाचा फोटो घ्या. टंकायला बसलात तर स्वरांची ओळ कुठली आणि शब्दांची कुठली हे प्रत्येक ओळीच्या आरंभी लिहा, तालाचे नाव वर घाला, तार सप्तकासाठी अनुस्वार वापरू नका, आणि मूळ प्रतीला हात लावू नका. शेवटी ती एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाऊन दाखवायला सांगा. आमच्या 112 पदांची शेवटची तपासणी त्याच पद्धतीने झाली.